कालव्याच्या तळाखालून

"पलीकडून पाणी सोडून इतका वेळ झाला. गेलं कुठं, रुस?"

ड्रेनेजच्या चेंबरमध्ये डोकावत पाक अलियानी साहेबांनी विचारलं.

"पाइपचं पोट भरतंय, साहेब. पाणी आधी तळाला जाणार, मगच वर येणार," रुसमियाती म्हणाली. तिनं चाळण जवळ ओढली.

"नाही आलं, तर वरच्यांसमोर मी काय बोलू?"

इंडोनेशियातल्या बांजरमासिनच्या त्या कालव्यापलीकडच्या वस्तीत संडासाचं पाणी घराखालीच पडे आणि बायका तिथंच भांडी घासत. ड्रेनेजची मोठी लाइन अलीकडच्या काठाला होती. कालव्यावरून सरळ पाइप टाकला असता, तर भाजीच्या होड्या अडल्या असत्या. रुसमियातीची आई त्याच होडीवाल्यांपैकी. नगरपालिकेत इतकी वर्षं दुसऱ्यांचे नकाशे सुबक करणाऱ्या रुसमियातीनं मग पहिल्यांदाच स्वतःची रेघ ओढली, कालव्याच्या तळाखालून. पलीकडची पातळी थोडी उंच. मागच्या पाण्याचा दाबच पुढच्याला वर ढकलणार होता.

"खोलगटात गाळ बसेल आणि तुंबेल," असं सगळेच म्हणाले. म्हणून तिनं दोन पाइप मांडले. बारक्यातून थोडं पाणीसुद्धा जोरात धावावं आणि गाळ ओढून न्यावा. पाणी वाढलं, तर ते चेंबरमधला उंबरठा ओलांडून जाड पाइपात शिरावं. आज चाचणीला कालव्याचंच पाणी सोडलं होतं, आणि त्यात गाळाच्या जागी पाट्या भरभरून वाळू.

आतून गुडगुड ऐकू आली. मग पाइपानं ढेकर दिल्यासारखी हवा सोडली आणि पाणी धो धो कोसळलं.

"वाळू बघ, वाळू!" साहेब ओरडले.

रुसमियातीनं गुडघ्यांवर बसून चाळण धरली. ती बघता बघता जड झाली.

"आली, साहेब! वाळू आली!"

पाक अलियानींनी दोन्ही हात उंचावून पलीकडे हाळी दिली. तिथल्या बायकांनी पातेली बडवायला सुरुवात केली.

"चल, गरम सोतो सूप माझ्याकडून. दोन वाडगे!"

"तीन सांगा. आई येतेय."

पुढं मार्तापुराहून मावशी आली, तेव्हा आईनं मुद्दाम कालव्याच्या मधोमध होडी थांबवली.

"हे बघ, माझ्या रुसचं काम."

मावशी वाकून वाकून बघत राहिली. "अगं, इथं तर काहीच दिसत नाही!"

"नाहीच दिसत," आई म्हणाली, आणि ताठ बसून तिनं वल्हं मारलं.