आल्टनरोडेचा जावई

मोर्शीच्या मैनाबाईचा होणारा जावई जर्मनीतल्या ड्यूकच्या घराण्यातला आहे, हे अकोल्यात शकुन देशमुखला कळलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मैनाबाई तिची धाकटी जाऊ. फुलं विकणाऱ्या घरातली. धाकट्या दिरानं, वामनरावांनी, तिच्याशी पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा सासऱ्यांनी बजावलं होतं, "घरात घेतली तरी देशमुखीन म्हनायचं नाही तिले." तो मान एकट्या शकुनचा. आणि आता त्याच मैनाच्या प्रणालीला पुण्याच्या कंपनीत भेटला फेलिक्स हेर्त्सोग फॉन आल्टनरोडे! हेर्त्सोग म्हणजे ड्यूक, म्हणजे जवळजवळ राजाच, असं नात्यातल्या बाया एकमेकींना सांगत सुटल्या.

शकुनच्या घशाखाली घास उतरेना. ती मोबाइलवर त्या घराण्याचा इतिहास धुंडाळू लागली. कुठंतरी खोट असेलच. आणि सापडली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत सरदारक्या गेल्या, पदव्या नुसत्या आडनावात उरल्या. त्याहून गोड गोष्ट पुढे होती. फेलिक्सच्या पणजोबानं पिठाच्या गिरणीवाल्याची पोर केली. कायद्यानं तिला आडनाव मिळालं, पण घराण्यानं तिला डचेस मानलं नाही. तिच्या मुलांना वारसांतून वगळलं. शकुन त्या दिवशी पोटभर जेवली.

अमरावतीत साक्षगंध झालं. साखरपुड्याच्या पंगतीत सगळ्या बाया बसल्या असताना शकुननं मुद्दाम आवाज चढवला.

"काय वं मैना, तुह्या जावयाच्या पणजीले घरचे डचेस म्हनत नोते म्हनते? गिरनीवाल्याची पोर होती ना ते?"

वाढणारे हात थांबले. प्रणालीनं फेलिक्सला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. मान हलवून हळू आवाजात काही बोलला.

"खरं आहे मोठीआई," प्रणाली म्हणाली. "तो म्हणतो, मेल्यावरसुद्धा त्यांच्या दफनभूमीत तिला जागा दिली नाही."

मैनाबाईनं बुंदीचं भांडं खाली ठेवलं. "हे त्यानं मले पयल्याच दिवशी सांगतलं, बाई. म्हनून तं मी हो म्हनलं. ज्याच्या पनजीनं हे भोगलं, तो माह्या पोरीले कावून हिनवन?"

तेवढ्यात फेलिक्सनं तिच्या नवऱ्याला, केशवरावांना, मोडक्या मराठीत विचारलं, "देशमुख म्हणजे काय?"

"परगन्याचा सारा वसूल करायचा मान होता आमचा," केशवराव म्हणाले. "आता काय, आडनाव राह्यलं."

"आमचं पण तेच!" फेलिक्स म्हणाला, आणि पंगत खदखदून हसली. केशवराव तर डोळे पुसत हसले. लग्नाला तीस वर्षं झाली, पण शकुननं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

अकोल्याला परतताना बडनेरा मागं पडलं तरी केशवराव बोलतच होते. "पोरगा लाखात एक हाय. मैनाबाईनं नशीब काढलं."

शकुन मोबाइलवर साक्षगंधाचे फोटो बघत होती. एका फोटोत फेलिक्स वाकून मैनाबाईला लाडू भरवत होता. तिनं तो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"समोर पाहून गाडी चालवा," ती म्हणाली.