जमनीचं सरपण

जमनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, गंजीवर चढून बसली होती आणि खाली तांड्याच्या नायकाचा, धनसिंगचा, ट्रॅक्टर धूर ओकत उभा होता. वैशाखाचं ऊन असं पेटलेलं की कोंबड्यासुद्धा सावली सोडत नव्हत्या. पण तमाशा म्हटला की तांड्याला ऊन लागत नाही. सगळे जमले होते.

"भाबी, उतर खाली," धनसिंग म्हणाला. "सगळ्याईनं देल्ली. तुह्या एकटीचीच राह्यली."

"सगळ्याईच्या घरी बाळंतीन येऊन राह्यली का? माही पुष्पी येते पावसाळ्यात. तिले पानी कायच्यावर तापवू? तुह्या ट्रॅक्टरच्या धुरावर?"

बाया फसकन हसल्या. धनसिंगने इकडेतिकडे पाहिलं आणि डोक्याचा रुमाल पुन्हा बांधला. नायकाला बाईच्या तोंडी लागता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. तो ट्रॅक्टर बंद करायला सांगून गंजीच्या सावलीत उकिडवा बसला.

यंदा कपाशीने दगा दिला होता. बोंडं वरून हिरवीगार, हात लावावा अशी. आणि फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. वेचायला गेलेल्या बाया रिकाम्या ओट्या घेऊन घरी आल्या. जमनीचा नवरा डोंगरसिंग तर फोडलेलं बोंड हातात घेऊन शेताच्या धुऱ्यावर किती वेळ बसला होता, त्याचं त्यालाच ठाऊक. कापूस गेला, पऱ्हाटी तेवढी उरली. वर्षभराच्या घामाचं पीक म्हणजे ही गंजी. जमनीने एकेक काडी उपटून, डोक्यावर वाहून, घरामागे रचली होती. चार-सहा महिन्यांची चूल तीत उभी होती आणि पुष्पाचं बाळंतपणही.

मग कृषी सहायक आला. बिचारा खोटं बोलत नव्हता. म्हणाला, ही अळी वाळक्या बोंडात, पऱ्हाटीत झोपून राहते आणि पाऊस पडला की जागी होते. घराशी गंजी ठेवाल तर पुढचंही पीक गेलं समजा. त्याच्या मागोमाग एक गाडी आली, पऱ्हाटीचा भुसा करणारं यंत्र घेऊन. हा भुसा लांबच्या कुठल्याशा कारखान्यात जाणार आणि तिथे कोळशाऐवजी जळणार. राजूरकडचा कोळसा तेवढा वाचतो, हवा चांगली राहते आणि कारखान्याला पर्यावरणस्नेही म्हणून शाबासकी मिळते, असं त्या गाडीवाल्याने समजावून सांगितलं. यंत्रापर्यंत पऱ्हाटी वाहायचं काम धनसिंगच्या ट्रॅक्टरला मिळालं, हे मात्र कुणी समजावून सांगितलं नाही. ते दिसतच होतं.

"माह्या चुलीत जाळली तं अळी," जमनी वरून म्हणाली, "अन् त्याईच्या चुलीत जाळली तं पुन्य! हे कोनतं शास्तर हाये गा नायक?"

"शास्तर मले नाई समजत, भाबी. अळी समजते."

"मंग मी जंगलात जाऊ का सरपनाले? आन कोनं घ्याले लावली होती? तूच ना?"

यावर धनसिंग रुमालाने मान पुसायला लागला. ती शपथ त्यानेच घ्यायला लावली होती.

मागच्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. यवतमाळच्या एका वकिलाची लेक, शाल्मली, कुठल्या संस्थेकडून तांड्यात आली होती. पोरगी गुणाची. नाक न मुरडता काळा चहा प्यायची, बायांच्या बरोबर जमिनीवर बसायची. तिने पर्यावरणस्नेही कसं जगावं ते सांगायला सुरुवात केली. प्लास्टिकची पिशवी घेऊ नका, कापडाची शिवा. आंघोळीचं पाणी वाया घालवू नका, झाडांना द्या. जुने कपडे फेकू नका, त्यांचं काही बनवा. जवळ जायचं असेल तर गाडी नको, पायी चाला.

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. जमनीच्या आंघोळीच्या पाण्यावर वांगी पोसली होती, तिच्या अंगाखालच्या गोधडीत सासूचं लुगडं होतं, आणि पांढरकवड्याचा बाजार ती जन्मभर पायीच करत आली होती.

"पोरी," जमनीने विचारलं, "याले तुमच्याकडे का म्हनते?"

"जीवनशैली," शाल्मली म्हणाली.

"आमच्याकडे याले गरिबी म्हनते व."

शाल्मलीसकट सगळ्या हसल्या. पण जंगलाची गोष्ट निघाली तेव्हा कुणी हसलं नाही. टेकडीमागचं सागवान कसं विरळ झालं, झरा कसा आटला, हे जमनीने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या पोरीचं बोलणं तिच्या काळजाला लागलं. सरपणाला पऱ्हाटी आहेच की, मग जंगल कशाला तोडायचं, असं शाल्मली म्हणाली आणि ते खरंच होतं. तांड्याने सेवालाल महाराजांच्या झेंड्याखाली आन घेतली: जंगलातून ओलं-सुकं कसलंच लाकूड आणायचं नाही. बायांनी आपापल्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला. जमनीची पुष्पा माहेरपणाला आलेली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून जमनी म्हणाली, "आनलं तं माह्या पोरीले लागो." सगळ्यांच्या कुऱ्हाडी धनसिंगच्या कोठ्यात कुलपाआड गेल्या.

आणि तांड्याच्या तोंडाशी पाटी लागली. चांगली पलंगाएवढी, वर टिनाचं छोटं छप्पर, हिरव्या रंगात अक्षरं: पर्यावरणस्नेही तांडा, झाडे वाचवा. पाटी अस्सल सागवानाची होती. ते सागाचं झाड आन घेतल्यावर धनसिंगने पाडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणाला, कार्यक्रमाचं लाकूड आहे, त्याला आन लागत नाही. पाटीचा पडदा शाल्मलीने ओढला आणि साऱ्या तांड्याने टाळ्या वाजवल्या. जमनीनेही वाजवल्या होत्या.

आता गंजीवर बसून तिला ते सगळं आठवत होतं. राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पोरगी खरी, कृषी सहायक खरा, अळीही खरी. मग खोटी कोण, एकटी जमनी?

शेवटी डोंगरसिंग पुढे आला. दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस.

"उतर," तो म्हणाला. "उद्या कोनाच्याबी बोंडात अळी निंगाली, तं नाव आपलंच येईन. तांड्यात राहाचं हाये."

जमनीने खाली पाहिलं. मघाशी हसणाऱ्या बाया आता हसत नव्हत्या. तिच्या गंजीकडे त्या अशा पाहत होत्या, जशी तीत सापाची अंडी असावीत.

"पावसाच्या आंधी तुह्या सरपनाची सोय मी करतो, भाबी," धनसिंग म्हणाला. "नायकाचा शबूद हाये."

जमनी उतरली. संध्याकाळपर्यंत घरामागे नुसती मोकळी जमीन राहिली आणि तिच्यावर कोंबड्या किडे वेचत फिरल्या.

पाऊस आला. धनसिंगचा शबूद काही आला नाही.

उमरखेडकडे दिलेली पुष्पा दिवस भरत आले तशी माहेरी आली. श्रावणात झड लागली ती सुटेचना. आभाळ घरावर टेकल्यासारखं झालं, भिंतींना ओल आली, अंगणातला चिखल उंबऱ्यापर्यंत चढला. बैल तर तीन वर्षांमागेच विकले होते. एका गाईच्या शेणाच्या गोवऱ्या त्या किती, त्याही ओल चढून मऊ पडल्या. घरात गॅसची टाकी होती. ती पहिल्यांदा भरलेली आली, एकदा भरून आणली, आणि मग डोंगरसिंगने तिच्यावर पोतं टाकून बसायला केली. धुऱ्यावरच्या बाभळीच्या ओल्या काड्या जमनी चुलीत घालायची आणि फुंकून फुंकून डोळे लाल करायची. भाकरी कशीबशी व्हायची, निम्मी धुराची.

पांढरकवड्याच्या दवाखान्यात पुष्पाला मुलगी झाली. घरी आणलं तेव्हा ती थंडीने कुडकुडत होती आणि तान्हं लेकरू निळसर दिसत होतं. बाळंतिणीच्या अंगावर ऊन-ऊन पाणी पडलं पाहिजे, बाजेखाली विस्तव पाहिजे. चुलीत मात्र धुराशिवाय काही नव्हतं.

"याडी," पुष्पा आईला म्हणाली, "पाठ लय दुखून राह्यली व. जरासं गरम पानी दे ना."

शेजारची बसंतीबाई पदराआड मोळी घेऊन आली. वाळकी, धावड्याची. जमनीने लाकडाला हात लावला आणि मागे घेतला.

"जंगलाची हाये ना?"

"तं का सरगातली राहीन?" बसंतीबाई कुजबुजली. "सगळेच जाऊन राह्यले. नायकाचा सालदारबी जाते. तूच एकटी बह्याड हायेस तांड्यात."

"तुह्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला होता ना तुनं?"

"पोरगा ठनठनीत हाये माहा."

"माही पोरगी बाजेवर पडली हाये, बसंती. घेऊन जा."

वैशाखात मुकाट होकार देणारे सगळे जंगलात गेले आणि गंजीवर चढून भांडणारी तेवढी आनेला बांधलेली राहिली. जगाची रीतच अशी, चोर सोडून संन्याशाला फाशी. जमनी पोतं डोक्यावर घेऊन धनसिंगकडे गेली. आत गॅसवर कढीला फोडणी बसत होती. तो वास तिच्या नाकात गेला.

"नायक, सरपन देतो म्हनला होता."

"प्रस्ताव पाठवला हाये वर, भाबी," धनसिंग ओट्यावरूनच म्हणाला. "धुराबिगरच्या चुली येनार हाये. दोन-चार दिवस दम धर."

"लेकरू निळं पडून राह्यलं गा."

"माह्या हातात का हाये? पाऊस का मी पाडून राह्यलो?"

जमनीने पोतं पुन्हा डोक्यावर ओढलं. चिखल तुडवत परत निघाली तेव्हा तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. तांड्याच्या तोंडाशी ती थांबली. सगळं जग भिजून लगदा झालं होतं. झाडं, भिंती, गोठे, माणसं. एकटी पाटी आपल्या टिनाखाली कोरडी ठणठणीत उभी होती.

हेही जंगलाचंच लाकूड, हे तिला ठाऊक होतं. पण ते पाडलं धनसिंगने, पडदा ओढला शाल्मलीने, टाळ्या पिटल्या साऱ्या तांड्याने. याचं पाप वाटून-वाटून एकेकाच्या वाट्याला राईएवढंही येणार नाही, असा तिने हिशेब केला. घरून पहार आणली. पाटी खिळ्यांसकट उखडली, तिथेच फोडली, आणि दिवसाढवळ्या, पोतं झाकून, फळ्या घरी नेल्या. पावसामुळे रस्त्यावर कुणी नव्हतं. असतं तरी ती थांबली नसती.

सागवान पेटलं. हिरव्या रंगाला फोड आले, घरभर रंगाचा उग्र वास पसरला, म्हणून तिने पुष्पाला आणि लेकराला पलीकडच्या खोलीत नेलं. मग मात्र जाळ असा लागला की हंडा बोलायला लागला. कित्येक दिवसांनी त्या घरात कोरडी ऊब आली. जमनीने पाय पसरून लेकराला पायांवर घेतलं आणि ऊन पाणी घातलं. लेकरू कडाडून रडलं, अंग तांबूस झालं. ते रडणं ऐकून डोंगरसिंग दाराशी येऊन उभा राहिला. फळ्या त्याने पाहिल्या आणि उरलेल्यांवर पोतं टाकलं.

उघडीप पडली तशी शाल्मली पाहुणे घेऊन आली. त्यांना पाटीजवळ फोटो काढायचा होता. दोन खांब उभे होते आणि मध्ये आभाळ दिसत होतं. धनसिंगने तांडा डोक्यावर घेतला. कुणाचे हात झडले, कुणी तांड्याची अब्रू नेली, असं ओरडत तो दारोदार फिरला. जमनी लेकराला पदरात घेऊन आपणहून बाहेर आली.

"मी जाळली."

"काहून?"

"तुह्या शबदाची वाट पाहून पाहून."

शाल्मली पुढे आली. तिने जमनीच्या घरामागची मोकळी जागा पाहिली, चूल पाहिली, लेकरू पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही मला कळवायचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुह्यावर राग नाई, पोरी. तू चांगली हायेस," जमनी म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. "घे, नातीले घे. तुह्या पाटीच्या पान्यानंच न्हाली ते."

शाल्मलीने लेकरू घेतलं आणि मान खाली घालून त्याला थोपटत राहिली. पाहुणे घड्याळाकडे पाहायला लागले. धनसिंग हात जोडून त्यांना सांगत होता, पुढच्या खेपेपर्यंत पाटी उभी दिसेल, पहिलीहून झकास.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोठ्याचं कुलूप काढलं. तांड्याच्या कुऱ्हाडींमधली एक चांगली निवडली, धार लावून घेतली आणि सालदाराला टेकडीमागे पाठवलं. थोड्या वेळाने जंगलातून घाव ऐकू यायला लागले. जमनी अंगणात लेकराचे लंगोट वाळत घालत होती. पुन्हा आभाळ भरून येत होतं. धनसिंग रस्त्याने जाताना दिसला तशी तिने हाक मारली.

"नायक, पाटी जराशी मोठी करजो बाप्पा. पावसाळा आनखीन लय बाकी हाये."