दुसरा य

मनोहररावांच्या प्रेसमध्ये नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा जुन्याला कोणी सांगितलं नव्हतं. दोघं एकाच टेबलावर शेजारी शेजारी बसले, मांडवात दोन व्याही बसावेत तसे. बोलणं मात्र होईना. जुन्याची फ्लॉपी पुरणपोळीएवढी, नव्याची पुरीएवढी. पोळी पुरीच्या तोंडात जाईल कशी?

हे एकोणनव्वद सालचं. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत प्रेस, मे महिना. कूलरमध्ये पाणी असे तेव्हा वीज नसे आणि वीज असे तेव्हा पाणी. मी तिथे रोज बसायला जात असे. निवृत्त माणसाला घरात जास्त वेळ ठेवू नये, असं आमच्या घरी मत होतं.

नव्या कॉम्प्युटरबरोबर त्याची स्वतःची अक्षरं आली होती. सुरेख होती. पण ती दिल्लीकडून आलेली, त्यामुळे त्यांच्यात ळ नव्हता.

आता ळ ही वस्तू आमच्या नागपूरकडे फक्त लिहिण्यासाठी वापरतात. आम्ही शाळा लिहितो आणि शायेत जातो, केळं लिहितो आणि केयं खातो. पण लिहायला तो लागतोच. देव्हाऱ्यातल्या मागच्या रांगेतल्या देवासारखा आहे तो. पूजेला कोणी उठत नाही, पण काढून टाका म्हटलं तर सगळं घर अंगावर येतं.

आणि मनोहररावांना तर तो त्याच महिन्यात हवा होता. त्यांच्या मुलीचं, पुष्पलतेचं, लग्न ठरलं होतं आणि मुलाचं आडनाव काळबांडे होतं.

सोयरीक मी जुळवलेली. मुलाचे वडील रुपराव काळबांडे कोराडीला राहत. एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्या खात्याचा हेडक्लार्क हिंदीवाला, म्हणून नोकरीभर ते कागदोपत्री 'कालबांडे' राहिले. निरोपसमारंभात मिळालेल्या शिल्डवरही 'कालबांडे' कोरलेलं होतं. रुपरावांनी शिल्ड स्टेजवरच परत केलं. हार ठेवून घेतला. मुलासाठी सांगून आलेलं पहिलं स्थळ तर त्यांनी पाकिटावर ल दिसला म्हणून उघडलंच नाही.

सुपारी फुटली त्या दिवशी ते मनोहररावांचा हात धरून म्हणाले, "आपली काई मागणी नाई. घड्याय नको, स्कूटर नको. पत्रिकेत आडनाव बरोबर पाहिजे. ल दिसला तर मी तुमच्या दारातूनच वापस जाईन, अन् पोराले घेऊन जाईन. आमचं आडनाव कायबांडे हाय. कायबांडे. समजलं ना?"

"समजलं," मनोहरराव म्हणाले.

पुष्पलतेची याआधी दोन ठिकाणी बोलणी फिसकटली होती. तिसऱ्यांदा गल्लीला तोंड द्यायचं मनोहररावांच्या अंगात त्राण नव्हतं. पुष्पलतेला मुलगा पसंत होता. ती तसं काही बोलली नव्हती, पण कोराडीची बस कुठून सुटते हे तिला पाठ झालं होतं.

तर जुनी अक्षरं नव्या कॉम्प्युटरात न्यायची होती. नुसता ळ नेला तर तो बाकीच्या दिल्लीवाल्यांत आगंतुक दिसला असता, म्हणून सगळं गणगोत न्यायचं. फ्लॉपी जात नव्हती, तेव्हा एकच मार्ग उरला. जुन्याच्या पडद्यावर प्रत्येक अक्षर चौकटी-चौकटींत मोठं करून दिसे. एकाने ते घर-घर वाचायचं, दुसऱ्याने नव्यात घर-घर भरायचं.

वाचायला शालिकराम बसला. हा उमरेडच्या कोष्ट्यांचा. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा प्रेसमध्ये आला. त्याने भरलेल्या घराला 'उचल' म्हटलं आणि रिकाम्याला 'सोड', लुगड्याच्या किनारीचे धागे मोजावेत तसं. भरायला बाबूलाल, मूळचा सिवनीचा. मराठी वाचता यायची, बोलायचं तो टाळायचा.

"उचल, उचल, सोड, सोड, उचल."

"रुको दादा. सोड कितने?"

"दोन."

"आपने तीन बोले."

"दोनच बोललो. तिसरी जांभई होती."

असं क पासून सुरू झालं. अक्षर अर्ध्यावर आलं की वीज जाई आणि भरलेलं सगळं पुसलं जाई. ब तर इतक्या वेळा काढावा लागला, की शालिकराम घरी जेवताना बायकोला 'भाजी उचल' म्हणाला आणि तिने ताट उचललं. मनोहरराव दोघांना जुन्या पत्रिकांच्या पुठ्ठ्याने वारा घालत. वारा घालता घालता स्वतःच पेंगत आणि पुठ्ठा बाबूलालच्या कानाला लागे.

"मालक, मत मारो. कर तो रहा हूँ."

श, ष, स झाले. ह झाला. शालिकरामचे डोळे सशासारखे लाल झाले होते. वर्णमालेत ळ कुठे येतो ते पाहा. सगळी दमून गेल्यावर येतो.

"आता य," शालिकराम म्हणाला.

"य तो कब का हो गया, दादा."

"हा दुसरा य."

"दुसरा मतलब?"

"अरे बाबू, कायबांडेतला य."

बाबूलालने विचार केला. "पहला वाला अच्छा नहीं बना क्या?"

"चांगला बनला ना."

"तो उसी को इस बटन पर भी बैठा देता हूँ. एक मिनट का काम है."

"एका मिनटात होते?"

"होता है."

शालिकराम मागे टेकला. "मंग सकायपासून सांगितलं काहून नाई गा?"

अशा रीतीने, ज्याच्यासाठी सगळं गणगोत हलवलं तो एकटा मागे राहिला. संध्याकाळी दुकानदाराचा माणूस हातगाडी घेऊन आला आणि जुना कॉम्प्युटर घेऊन गेला. नव्याच्या बदल्यात तो द्यायचाच होता. निघण्याआधी शालिकरामने जुन्याच्या डोक्यावरची धूळ फडक्याने पुसली. मनोहररावांनी सुटकेचा श्वास सोडला, तो अर्धा जांभईत गेला.

लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवला. तपासायची त्या प्रेसची जुनी रीत होती: शालिकरामने मोठ्याने वाचायचं, मनोहररावांनी डोळे मिटून ऐकायचं. "डोये फसवतात," ते म्हणत, "चूक असली का कानाले टोचते." शालिकरामने वाचलं. कानाला काही टोचलं नाही. मनोहरराव ऐकता ऐकता झोपले, आणि जागे झाले तोवर पत्रिका छापूनही झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रुपराव कोराडीहून बसने आले. घामाने चिंब, पण कोट घातलेला. मी आधीच तिथे होतो. गठ्ठ्यातली वरची पत्रिका मी सहज उचलली.

'मंगयवारी' 'शुभ वेयी' 'विवाह सोहया' होणार होता. 'सर्व मंडयींनी' यायचं होतं. आणि वर, ठळक अक्षरांत, चि. धनराज रुपराव कायबांडे.

मी पत्रिका मनोहररावांपुढे धरली. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. ते बाकावर बसले.

पुष्पलता पाणी घेऊन आली. तिने पत्रिका पाहिली, मग वडिलांकडे पाहिलं, आणि पाण्याचा ग्लास पत्रिकेवर ठेवला, नेमका आडनावावर.

"घ्या मामाजी, पाणी घ्या. उन्हातून आले."

पण पाणी प्यायचं तर ग्लास उचलावा लागतो. रुपरावांनी तो उचलला, घटाघटा रिकामा केला आणि पत्रिका घेतली. चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले.

"चि. धनराज. रुपराव." बोट थांबलं. "का-य-बां-डे."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"ल नाई," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "ल नाई! मनोहरराव, पुऱ्या पत्रिकेत आडनावाले कुठंच ल नाई!"

"नाई ना," मनोहरराव म्हणाले.

"जिंदगीभर त्या लनं मले छयलं. शिल्ड वापस केलं तवा लोक हासले होते. आज पहिल्यांदा माह्यं नाव मी म्हणतो तसं छापून आलं." त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे टिपले. उकाडाही होताच.

मनोहरराव सरळ माणूस. ते उठले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, एक गोष्ट सांगाची होती..."

"चहा," मी म्हणालो. "चहा सांगायचा होता. बाबूलाल, जा."

"अन् साखर कमी," पुष्पलता म्हणाली, आणि तिने वडिलांना खांदा दाबून पुन्हा बाकावर बसवलं.

लग्न मंगळवारी झालं. म्हणजे मंगयवारी. पाहुण्यांपैकी कोणाची तक्रार आली नाही. सगळे आमच्याकडचेच होते. पुण्याहून एक मावसभाऊ आले होते. त्यांनी पत्रिका बराच वेळ न्याहाळली आणि शेवटी विचारलं, "ही मंडयी कोण?" आम्ही त्यांना जेवायला बसवलं.

पण पुष्पलतेचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढवायचं होतं. कारकुनाने पुरावा म्हणून लग्नपत्रिका मागितली आणि तिच्यावर होतं ते इमानदारीने उतरवून घेतलं. कार्ड हातात आलं तेव्हा रुपराव पहिल्यांदा दचकले. कार्डावर वरच्या ओळीत ते स्वतः 'काळबांडे' होते आणि खालच्या ओळीत सून 'कायबांडे'. एका चुलीवर दोन आडनावं. ल गेला होता, पण हा कोण आता नवीन?

ते तडक व्याह्यांकडे आले. आवाज चढला नव्हता. थकलेच होते.

"मनोहरराव, पत्रिका तर बरोबर होती. हा य त्या कारकुनानं कुठून आणला हो?"

"कारकून आहेत," मनोहरराव म्हणाले. "कुठूनही आणतात."

"अर्ज टाइप करून द्या मले. दुरुस्तीचा."

आता सांगायचं म्हणजे, नवा ळ अजून काढलेला नव्हता. शालिकराम रोज "उद्या काढतो" म्हणत होता. डोये दुखून राहिले, हे कारण खरंच होतं. तोवर प्रेसचं काम ळ टाळून चाललं होतं. सोहळ्याच्या जागी समारंभ, वेळेच्या जागी मुहूर्त. मंगळवारचं लग्न घेऊन कोणी आला तर मनोहरराव बुधवार सुचवत.

पण आडनावाला दुसरा शब्द नसतो. शालिकरामने अर्ज जुळवला, छापला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला:

"विनंती अर्ज. माझी सून सौ. पुष्पलता हिचे आडनाव 'कायबांडे' असे लागले असून ते साफ चुकीचे आहे. आमचे खरे आडनाव 'कायबांडे' असे आहे. तरी दुरुस्ती व्हावी."

रुपरावांनी डोळे मिटून ऐकलं. व्याह्यांची रीत त्यांनी उचलली होती.

"बरोबर," ते म्हणाले. "आता समजंल त्याईले."

सही त्यांनी हाताने केली. अख्ख्या कागदावर खरा ळ तेवढाच होता. कचेरीत अर्ज घेतला गेला आणि पोच म्हणून गोल शिक्का मारला, तो नेमका त्याच्यावर बसला.