दारासुरम्‌ला जाणारी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी लेडीज सायकल आहे. माझा मूळचा लाल रंग आता फक्त चेनकव्हरच्या आतल्या बाजूला उरला आहे, आणि तो पाहायला कोणी वाकत नाही. पण माझा चौकसपणा अजून शाबूत आहे. दिवसभर भिंतीला टेकून उभं राहायचं, तर दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यावाचून मी करणार तरी काय?

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते कुंभकोणममधलं दुकान. तिथून मुलींच्या एका वसतिगृहातल्या ‘अक्का मंडळा’नं मला आणलं. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलीला मंडळाकडून वरच्या वर्गातली एक अक्का मिळते. ताप आला, घरची आठवण आली, गणित अडलं, की तिला हाक मारायची. कॉलेज संपवून जाताना अक्का माझ्या हँडलला रेशमी धागे बांधते, सांभाळलेल्या प्रत्येक मुलीमागे एक. त्यांच्यामुळे माझा ब्रेक अडकतो, पण ते धागे कोणी सोडावेत असं मला कधी वाटलं नाही.

दर शनिवारी मंडळाच्या मुली दारासुरम्‌ला, जवळच्याच विणकरांच्या गावी जातात आणि तिथल्या बायकांना आलेली पत्रं, सरकारी कागद वाचून देतात. गेली तीन वर्षं माझ्यावर बसायची ती मधुमिता. घरी मराठी, दाराबाहेर तमिळ, अशा जुन्या तंजावरी घरातली मुलगी. बायका कागद हातभर लांब धरतात, हे तिच्या लक्षात आलं. तिनं त्यांचे डोळे तपासून घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी अमावास्या निवडली, कारण त्या दिवशी माग बंद असतात. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, तक्ता टांगला, आणि दुपारपर्यंत एकही बाई फिरकली नाही. अमावास्येला घरोघरी पितरांचा स्वयंपाक असतो. आपल्या आईलाही त्या दिवशी उसंत नसते, हे मधुमिताला परतताना आठवलं. चढावर ती माझ्यावरून उतरली आणि रडत चालू लागली.

पुढच्या शनिवारी तिनं अलमेलु नावाच्या विणकरणीला विचारलं. अलमेलु हसली. सकाळी रस्त्यावर ताणा, म्हणजे साडीचे लांबच लांब उभे धागे, पसरतो तेव्हा घरोघरच्या बायका तो धरून उभ्या असतात, हात गुंतलेले असले तरी डोळे मोकळे असतात, असं तिनं सांगितलं. मग एका सकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या आणि त्या रस्त्यावरच तक्ता माझ्या हँडलला टांगला गेला. एकेचाळीस बायकांनी माझ्याकडे बघून अक्षरं वाचली. इतकं निरखून मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं, मी अगदी हरखून गेले.

यंदा मधुमितानं पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायचं ठरवलं. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम, दूरच्या शहरातलं विद्यापीठ. तिचे वडील राजगोपाल यांनी बजावलं होतं, की यंदा प्रवेश मिळाला नाही तर शिक्षण बंद आणि काकांच्या दुकानात बसायचं. मंडळाच्या कामाला ते ‘हिंडणं’ म्हणत. आता हा अर्ज म्हणजे असतं काय, याची मला भारी उत्सुकता. एका कागदावर अख्खी मुलगी कशी मावते?

मधुमिताची स्वतःची अक्का, पंकजा, आता चेन्नईला संशोधन करते. ती भेटायला आली तेव्हा माझ्या कॅरिअरवर बसून तिनं मसुदा वाचला. त्यात नुसते गुण होते.

“दारासुरम्‌चं काय म्हणून लिहिलं नाहीस?” तिनं विचारलं.

“ते तर मंडळाचं काम, अक्का. बहिणींसाठी केलेलं बाहेर कोठे सांगतात?”

“मिरवू नकोस. पण अमावास्येला कोणी आलं नाही, तेथून लिही.”

मी चकित झाले. फजितीसुद्धा अर्जात लिहायची? पण मधुमितानं ती लिहिली. मंडळातल्या कामाबद्दल शिफारसपत्र द्यायला डॉक्टरीणबाई आनंदानं तयार झाल्या.

मुलाखत फोनवर झाली. नेटवर्क फक्त व्हरांड्यात, माझ्या शेजारी. चेहरा दिसावा म्हणून फोन माझ्या सीटवर उभा केला होता. मी श्वास रोखून धरला असता, पण माझ्या चाकांत आधीच हवा कमी होती. प्राध्यापकांनी गुणांबद्दल फारसं काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी बायका का आल्या नाहीत, एवढंच विचारलं.

मधुमिता म्हणाली, “कारण दिवस मी ठरवला होता. त्यांना विचारलंच नव्हतं.”

तीन आठवड्यांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं.

सामान न्यायला राजगोपाल आले. मधुमिता माझ्या हँडलला धागे बांधत होती, एक हिरवा, दोन पिवळे. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. तिनं तिन्ही मुलींची नावं सांगितली आणि कोण कधी आजारी पडली, कोण शिक्षण सोडून घरी निघाली होती, तेही सांगितलं. थोड्या वेळानं कुठूनसा पंप आणून त्यांनी माझ्या दोन्ही चाकांत हवा भरली.

आता हिरव्या धाग्याची मुलगी, दिव्यश्री, मला नेते. मित्रांनो, माझी चेन गंजली आहे, अधूनमधून दोन थेंब तेल घालत जा, पावसात मला बाहेर विसरू नका. आणि माझ्यावर बसून कुणाचं भलं करायला निघालात, तर मला त्यांच्या दाराशी थांबवा आणि आधी त्यांना विचारा, तुम्हाला कोणता दिवस सोयीचा आहे?