उजवा गाल

ओतिलियाला नोकरी मिळाली ती गालांवरच्या वांगामुळे. सहा वर्षांपूर्वी ती आरेकिपा शहराच्या बाजारात चीज घ्यायला आली होती. सौंदर्यप्रसाधनांच्या गाळ्यातून मालकीणबाई दोन्या मारुखाने तिला हाक मारली, जवळ बोलावून तिचा चेहरा निरखला आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"धाकट्याच्या वेळेपासून. मग उन्हाने वाढवलं."

"उद्यापासून ये," दोन्या मारुखा म्हणाली.

काम सोपं होतं. सकाळी दहाला गाळ्यासमोरच्या उंच स्टुलावर बसायचं आणि जमलेल्या बायकांसमोर स्वतःच्या चेहऱ्याची फक्त डावी बाजू करायची. तपकिरी वांगावर नारिंगी, नाकपुडीच्या लालीवर हिरवा, डोळ्याखालच्या जांभळट काळपटपणावर पिवळा. प्रत्येक रंग मसुराच्या दाण्याएवढा. बोटाने थापायचा, चोळायचा नाही. चोळला की चिखल होतो. त्यावर कातडीच्या रंगाचा लेप आणि शेवटी पावडर. पंधरा मिनिटांत डावा गाल एकसारखा व्हायचा आणि उजवा होता तसाच राहायचा. मग ओतिलिया मान सावकाश इकडून तिकडे वळवायची. आई आणि मुलगी एकाच मानेवर बसल्यासारख्या दिसायच्या. बायका हसायच्या आणि पिशवीत हात घालायच्या.

त्याआधी कापूस मात्र फिरायचा. आमच्या बाजारात बाई चीज घेताना नखाने टोचून बघते आणि बटाटा घेताना साल खरवडून. म्हणून दोन्या मारुखाने पद्धत पाडली होती की कुणाही एका गिऱ्हाइकाने ओल्या कापसाने डावा गाल पुसायचा. लेपाखालून वांग बाहेर यायचं. "बघा, खोटं काही नाही," दोन्या मारुखा म्हणायची.

उजव्या गालाला उन्हाचं मलम लावायला ओतिलियाला परवानगी नव्हती. "उजवा गाल दुकानाचा," दोन्या मारुखा सांगायची, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दुपारी ओतिलिया तशीच बसने घरी जायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "मावशी, अर्ध्या चेहऱ्याचं अर्धं तिकीट नाही बरं का," असं तो आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा. पहिल्या वर्षी ती हसली होती.

पन्नाशीला तिची पाळी थांबली आणि वांग फिकं पडू लागलं. मार्चमध्ये वरच्या ओठावरचं गेलं, एप्रिलमध्ये कपाळावरचं. दुसरी एखादी चापीच्या देवीला आभाराची मेणबत्ती लावून आली असती. ओतिलिया भर दुपारी गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींमध्ये, तोंड वर करून बसली. एक दिवस नाही, अठरा दिवस. शेजारच्या गच्चीवरून एर्लिंदाने विचारलंही, "काय गं, मिरच्या संपल्या म्हणून स्वतःलाच वाळत घातलंस?" नाकाची सालं निघाली. वांग आलं नाही.

जूनपासून ती पहाटे पाचला उठून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी वांग रंगवू लागली. भुवयांची पाण्याने न जाणारी पेन्सिल घ्यायची, बोटाने पसरवायची, कडा फाटक्या ठेवायच्या. दोन्ही गालांवर, कारण डावा पुसल्यावर खालून काहीतरी निघायला हवं होतं. चाळीस मिनिटं लागायची. मग बडीशेपेचा काढा, पाव, बस, स्टूल, आणि पहाटे काढलेलं अर्धं पुन्हा झाकणं. दोन महिन्यांत हात बसला, पण झोप पुरेना. दोन्या मारुखाला काहीच कळलं नाही. ती गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांचे चेहरे बघायची, ओतिलियाचा नाही.

ऑगस्टातल्या एका शनिवारी कापूस नोएमीच्या हातात गेला. अठ्ठावीस-एकोणतीसची ही मुलगी तियाबायाकडच्या कांद्याच्या शेतात काम करायची. पाठीवर बांधलेलं दहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं. पुढच्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता आणि फोटोत असं दिसायचं नाही, एवढ्यासाठी ती आली होती. तिच्या दोन्ही गालांवर गडद, ताजं वांग होतं.

तिने कापूस परत दिला. "कापूस तुमचा, पाणी तुमचं, गालही तुमचाच. मग खरं-खोटं मी काय बघणार?"

बायका हसल्या. समोरची चीजवाली फेलिसितास ओरडली, "बरोबर आहे! घास बाई, साल काढून बघ!"

"मागे एका क्रीमवालीने मला असंच फसवलंय," म्हणत नोएमीने बाळाच्या पिशवीतून पुसायचा तेलकट कागद काढला.

"पूस की, पोरी," दोन्या मारुखा गल्ल्यावरून म्हणाली. "डावीकडे."

"डावीकडचं तर ठरलेलंच असतं. मी उजवीकडे पुसते."

ओतिलियाला मान मागे घेता आली असती. गुदगुल्या होतात म्हणता आलं असतं, काहीही म्हणता आलं असतं. ती बसून राहिली. तेलकट कागद डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एकदाच फिरला आणि त्याच्यामागे बोटभर रुंदीचा स्वच्छ पट्टा उमटला.

नोएमीने कागद बघितला, मग गाल. "अगं बाई. हिचं वांग तर गेलंय."

"गेलंय? दाखव," म्हणत फेलिसितास काउंटर सोडून आली. "मी स्वतः पुसून पाहिलं होतं गं, पहिल्याच वर्षी. खरं होतं ते! काय लावलंस ओतिलिया? आम्हाला रंग विकतेस आणि औषध एकटीच लावतेस होय?"

बायका पुढे सरकल्या. कुणीतरी ओतिलियाची हनुवटी धरली, कुणीतरी त्या पट्ट्यावर नख ओढून पाहिलं.

दोन्या मारुखा अठ्ठावीस वर्षं धंद्यात होती. तिला दोन श्वास लागले. वरच्या फळीवरची रात्री लावायच्या क्रीमची पांढरी डबी खाली आली. "सांगणारच होते," ती म्हणाली. "आधी हिच्यावर लावून बघू म्हटलं, मगच विकायला काढू. डब्या थोड्याच आहेत."

चार हात डबीकडे गेले. नोएमीने हात पुढे केला नाही. तिने ओतिलियाला विचारलं, "मावशी, हे लावलंत तुम्ही?"

दोन्या मारुखाने ओतिलियाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. हो म्हटलं तर स्टूल राहणार होतं. पहाटेची पेन्सिलही सुटणार होती, कारण आता स्वच्छ गालच दाखवायचा होता. इतकं सोपं काम गेल्या सहा वर्षांत तिच्यापुढे आलं नव्हतं.

"नाही," ओतिलिया म्हणाली. "माझी पाळी थांबली. मग ते आपोआप गेलं."

"आणि हे?" नोएमीने तपकिरी झालेला कागद पुढे केला.

"पेन्सिल. भुवयांची."

 फेलिसितासला हसू आवरेना. "म्हणजे म्हातारं होणं हाच उपाय! अगं, मग माझं का नाही जात? मी तर तुझ्याहून चारने मोठी."

"तू नाचायचं सोडत नाहीस ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते तर मेल्यावरच सुटेल," म्हणत फेलिसितास चीजकडे परतली. कुणी रागावलं नाही. दोघींनी तर नारिंगीच्या डब्या घेतल्या. त्यांना आता त्याच खऱ्या वाटल्या. पांढरी डबी मात्र कुणी घेतली नाही.

गर्दी पांगल्यावर दोन्या मारुखाने डबी पुसून फळीवर ठेवली. आवाज न चढवता ती म्हणाली, "एका शब्दाचं काम होतं. नुसतं हो."

"माहीत आहे मला."

"कधीपासून रंगवतेस?"

"जूनपासून."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

दोन्या मारुखाने थोडा विचार केला. "दुसरी बघितली असती," ती म्हणाली. "सोमवारी येऊ नकोस."

"बरं."

नोएमी अजून तिथेच उभी होती. कागदाचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. "मावशी, मला तसं करायचं नव्हतं."

"तुला काय माहीत असणार, बाळा."

दोन्या मारुखाचं लक्ष आता नोएमीच्या गालांवर होतं. "शेतात किती वाजल्यापासून असतेस गं?"

"सहापासून. चारपर्यंत."

"इथे दहा ते एक. सावलीत."

 नोएमीने ओतिलियाकडे पाहिलं. "ही जागा यांची आहे."

"आता नाही," ओतिलिया म्हणाली. ती स्टुलावरून उतरली, गुडघा धरून जरा थांबली. "बस. पण पाठीवर पोरगं घेऊन बसता येणार नाही. दे इकडे."

तिने बाळ घेतलं. ते जड होतं आणि झोपेत गरम झालं होतं. नोएमी चढून बसली, आरसा मांडीवर ठेवला आणि त्यात वाकून बघू लागली.

"आरसा वर धर," ओतिलियाने सांगितलं. "मान खाली घातलीस तर बाराच्या आत आखडते."