सरांनी त्या चार सेकंदांत काय पाहिले?

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. खलाशी एका डोळ्याला लावतात तशी लांब नळकांडी नव्हे. दोन नळ्यांची, काळी, गळ्यात अडकवायची. माझ्या डाव्या नळीवर लाल चिकटपट्टीचे तीन वेढे आहेत. तो दागिना नाही, मलमपट्टी आहे. परंतु या पट्टीमुळे एकदा एक अख्खे शहर उलट्याचे सुलट झाले.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे लांब टेबलाशी पांढरे डगले घातलेल्या स्त्रिया बसत. त्यांपैकी एकीचे काम फक्त लोलक बसवण्याचे होते. लोलक म्हणजे त्रिकोणी काच. माझ्या पोटात असे चार आहेत. तुम्हांला सांगते, भिंगातून माझ्या आत येणारे जग नेहमी उलटे असते: माणसांची डोकी खाली, डावा हात उजवीकडे. लोलक त्याला वळसे देऊन सरळ करतात, आणि मगच ते तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते. ती स्त्री लोलक बसवून झाले की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता माझ्यातून वाचून पाही. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच तक्ता दिसला, तेव्हा तिने मान डोलावली आणि मला पेटीत ठेवले. माझ्या आयुष्यातील ती पहिली शाबासकी.

पुढे मी एका क्रीडाशिक्षकांच्या गळ्यात आले. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणेन. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला रेष आधी कोणी ओलांडली, यावरून वाद झाला की सर म्हणत, "माझ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर, पण हिच्यावर ठेवा. हिला कुणी नातलग नाही." एका सामन्यात चेंडू थेट माझ्यावर आदळला आणि डाव्या नळीचे रबरी कातडे सोलवटून निघाले. बॅटच्या मुठीला गुंडाळायची लाल पट्टी सरांनी तिथे गुंडाळली.

"शोभतं का ते?" त्यांच्या पत्नीने विचारले.

"अगं, खेळाडू आहे ती. खेळाडूला पट्टी शोभतेच."

त्यांची पत्नी शिवणाचे वर्ग चालवी. विद्यार्थिनी त्यांना शिवणबाई म्हणत. सरांचे सगळे सदरे बाईंच्या हातचे असत. त्यामुळे सर गर्दीत हरवले, तरी बाई त्यांना पाठीवरच्या शिवणीवरून ओळखत.

परदेशातील एक शहर या दोघांच्या फार आवडीचे होते. मधोमध नदी, तिच्यावर एकच मोठा दगडी पूल, चढणीचे रस्ते आणि दर वर्षी होणारी सायकलींची शर्यत. आम्ही तिथे तीनदा गेलो. सर शर्यत पाहत, बाई बटणांची दुकाने पाहत आणि मी दोघांना हवे ते जवळ आणून देई. दुसऱ्या खेपेला नदीकाठी एका चित्रपटाचे चित्रीकरण चालले होते. बाई तेव्हा बटणांच्या दुकानात होत्या. तिथल्या मंडळींनी सरांना बोलावले, पायरीवर उभे केले आणि मला डोळ्यांना लावून पाहायला सांगितले. वर्षभराने तो चित्रपट आमच्या गावात लागला. काळोखात बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "अहो, तुम्ही! तुम्ही आहात ते!"

"बाई, खाली बसा," मागून कोणी तरी म्हणाले. "त्यांना आम्हालाही बघू द्या."

तोवर चार सेकंद संपले होते. पडद्यावर सर इतके गुंगून पाहत होते, चेहऱ्यावर असा काही उजेड होता, की त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी: तेव्हा पाहत होतात तरी काय? आणि सर प्रत्येकाला निराळे उत्तर देत. कधी गच्चीवर दाढी करणारा म्हातारा, कधी होडीत झोपलेले मांजर, कधी चाक निखळलेला सायकलस्वार. बाई स्वयंपाकघरातून ओरडत, "मला तरी खरं सांगा हो!" सर म्हणत, "तुला सांगितलं तर मग पाहुण्यांना काय सांगू?"

बावीस वर्षे हा खेळ चालला. मग एके दिवशी सर गेले.

मला कातडी डबीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले गेले. मी रुसले नाही. त्या घरात तेव्हा लांबचे काही पाहावे असे कोणालाच वाटत नव्हते. पण मित्रांनो, बंद डबी आणि दमट हवा यांच्याइतके दुर्बिणीचे वैरी दुसरे कोणी नाहीत. दोन वर्षांत माझ्या भिंगांवर बुरशीची पांढरी जाळी पसरली. सरांची मुलगी मला दुरुस्तीला घेऊन गेली, तेव्हा कारागीर तिच्यावर रागावला. "ताई, हिला कोंडून ठेवलंत तुम्ही. आणखी एक पावसाळा गेला असता ना, तर हिच्यातून दिवस आहे की रात्र एवढंच कळलं असतं."

मुलगी क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहे. चित्र काढण्यापूर्वी रुग्णाच्या अंगाशी डाव्या-उजव्याची शिशाची खूण ठेवायची, हा तिच्या कामाचा पहिला धडा. खूण ठेवायची राहिली आणि चित्र उलटे धरले, तर दुखऱ्या पायाऐवजी चांगल्या पायाला प्लास्टर बसेल. आईला घेऊन त्या शहरात जायचे तिनेच ठरवले होते. बाईंची अट एकच होती: सर ज्या पायरीवर उभे होते, त्या पायरीवर उभे राहून त्यांनी काय पाहिले ते पाहायचे. "शर्यत बघू, शहर बघू, सगळं बघू," त्या म्हणाल्या. "पण ते बघितल्याशिवाय मी परत येणार नाही. आणि यानंतर एवढा प्रवास माझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही, हेही लक्षात ठेव."

हाती तीन दिवस होते. मुलीने चित्रपटातील ते दृश्य थांबवून त्याचा मोठा छापील फोटो काढून घेतला होता. फोटोत मागे पूल होता आणि नदी उजव्या हाताला. हॉटेलात चित्रीकरणाच्या जागा दाखवणारा नकाशा फुकट मिळाला. त्यात नायकाचे घर होते, नायिका रडली तो जिना होता. चार सेकंद उभे राहिलेल्या माणसाची पायरी कोण छापणार? काठाने चालायची वाट पुलाच्या एकाच अंगाला होती. तेव्हा दोघींनी हिशेब केला, की तिथून पुलाकडे तोंड केल्यावर नदी उजव्या हाताला हवी, म्हणजे किनारा हाच. दोन दिवस त्या हा किनारा पायांखाली घालत राहिल्या. वाटेत घड्याळाचा मनोरा पाहिला, जुना बाजार पाहिला, नायिकेच्या जिन्यावर बाईंनी दम खाल्ला. ("हिला रडू का आलं ते आत्ता कळलं.") पण फोटोतल्या कठड्यावर दगडी गोळे होते आणि या किनाऱ्यावर सगळीकडे लोखंडी गज. दुपारी दोघी एका मोठ्या गोदामाच्या भिंतीशी बाकावर बसून पाव खात आणि पुन्हा चालू लागत.

"पाडल्या असतील गं पायऱ्या," दुसऱ्या संध्याकाळी बाई म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या. मी त्यांच्या छातीशी होते, म्हणून मला ऐकू आले की त्यापुढचा श्वास त्यांनी अर्ध्यावर सोडला.

तिसरा दिवस शर्यतीचा. चौथ्या दिवशी सकाळी विमान होते. शेवटच्या रेषेसमोरच्या सज्ज्यातल्या दोन खुर्च्या मुलीने सहा महिन्यांपूर्वी राखून ठेवल्या होत्या. शर्यतीला वेळ होता, तेव्हा तिने शेवटचा प्रयत्न म्हणून बाईंना नदीकाठी उभे केले आणि फोटो हातात धरला.

"आई, दुर्बीण डोळ्याला लाव. बाबांसारखी. हनुवटी वर. आता जरा वळ... नाही, लाल पट्टी माझ्या डाव्या हाताला आली पाहिजे."

"अगं, ती कशी येईल? पट्टी माझ्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे समोरून तुला उजवीकडेच दिसणार. की पाठमोरी होऊ?"

मुलीने फोटोकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा फोटोकडे. तिचा चेहरा उतरला. "आई, बाबांच्या सदऱ्याचा खिसा कुठल्या बाजूला असायचा?"

"हा काय प्रश्न झाला? डाव्या. उजव्या बाजूला खिसा मी जन्मात शिवलेला नाही."

"यात उजव्या बाजूला आहे."

बाईंनी फोटो हिसकावून घेतला. खिसा उजवीकडे. काजेही भलत्याच पट्टीवर. चित्रपट जोडताना कोणी तरी हे दृश्य उलटे लावले होते; कदाचित सरांची नजर नायकाच्या दिशेला वळावी म्हणून. सर पडद्यावर आरशातल्यासारखे उभे होते आणि त्यांच्याबरोबर पूल, नदी, सगळे शहर उलटे झाले होते.

"माझ्या हातचा सदरा," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बघतेय, आणि नुसतं तोंड बघत बसले! पण तू गं? रोज अख्ख्या गावाचं डावं-उजवं सांभाळतेस, आणि घरच्या बापाचं कळलं नाही?"

"खूण नव्हती ना ठेवलेली," मुलगी पुटपुटली.

"ही काय मग?" बाईंनी माझ्या लाल पट्टीवर टिचकी मारली. माझ्या आयुष्यातील ती सर्वांत मोठी शाबासकी, असे मी समजते.

जागा पलीकडच्या किनाऱ्यावर होती! दोघी पुलाकडे धावल्या. म्हणजे मुलगी धावली आणि बाई शक्य तेवढ्या लवकर चालल्या. पुलाच्या तोंडाशी स्वयंसेवक अडथळे लावत होता. शर्यत याच पुलावरून जाणार होती.

"जायचं तर आत्ता जा," तो म्हणाला. "पाच मिनिटांत पूल बंद. मग संध्याकाळपर्यंत कुणालाच परत येता येणार नाही."

मुलगी थांबली. "आई, आपल्या खुर्च्या या बाजूला आहेत. शेवटची रेषही इकडेच. शर्यत हुकेल."

"तुझ्या बाबांनी तीन शर्यती बघितल्या, प्रत्येकीत कुणी तरी पहिला आलाच," बाई म्हणाल्या. "याही वेळी येईल. चल."

पलीकडे, पुलापासून दोनशे पावलांवर, दगडी गोळ्यांचा कठडा होता. त्याखाली पायऱ्या. तिसरी पायरी मधोमध झिजलेली, फोटोत होती तशीच. बाई पायऱ्या उतरल्या, सरांसारखी हनुवटी वर केली आणि मला डोळ्यांना लावले. मुलीने फोटो पाहून त्यांचे खांदे नेमक्या दिशेला वळवले.

मी माझे काम केले. नदी ओलांडून पलीकडचे जवळ आणले.

"काय दिसतंय?" मुलीने विचारले.

बाईंचे खांदे हलू लागले. मुलगी घाबरून पुढे झाली, तर बाई हसत होत्या. "भिंत! अगं, भिंत आहे! त्या गोदामाची. खिडकी नाही, झरोका नाही, नुसत्या विटा. दोन दिवस आपण तिथेच बसून पाव खाल्ला!"

"नंतर बांधली असेल."

"छे. वर जुन्या रंगातली जाहिरात आहे, पार पुसट झालेली. आपल्या सगळ्यांपेक्षा म्हातारी आहे ती भिंत. गच्ची नाही, मांजर नाही, काही नाही. बावीस वर्षं गंडवलं या माणसाने!"

मित्रांनो, खरे काय घडले होते ते मला ठाऊक आहे, आणि ते आज प्रथमच सांगते आहे. सरांनी भिंतसुद्धा पाहिली नव्हती. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा माझ्या भिंगांवर ऊन चमकले आणि कॅमेरावाला ओरडला. एक साहाय्यिका धावत आली आणि तिने माझ्या दोन्ही भिंगांवर काळी झाकणे बसवली.

"आता बघा," ती म्हणाली.

"काय बघू? आत काळोख आहे," सर म्हणाले.

"काळोखच बघा. फक्त समोर तुमचं कुणी तरी आवडतं माणूस येतंय, असं तोंड करा."

चार सेकंद सरांनी ते तोंड केले. त्या काळोखात त्यांनी कोणाला आणले हे मलाही दिसले नाही. पण चित्रीकरण संपताच ते विचारत विचारत थेट बटणांच्या दुकानात गेले, एवढे मी पाहिले.

हे बाईंना सांगायला मला वाचा नाही. पण त्यांना गरजही भासली नसावी. हसू ओसरल्यावर त्यांनी मला पुन्हा डोळ्यांना लावले आणि ती भिंत वीट न् वीट पाहिली. तेवढ्यात मागे पुलावर गलका झाला. खालून सायकली दिसत नव्हत्या. कठड्यावरून नुसती रंगीत शिरस्त्राणे भराभर सरकत गेली. बाईंनी मान वळवली नाही.

"अजून काय बघतेस?" मुलगी म्हणाली.

"एक बाई भिंतीला शिडी लावून चढतेय. हातात शिंप्याची टेप आहे. भिंतीचं माप घेतेय."

मुलीने नुसत्या डोळ्यांनी पलीकडे पाहिले. तिथे कोणीही नव्हते. ती आईच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "सदरा शिवणार असेल," ती म्हणाली.

"हो. आणि खिसा कुठल्या बाजूला ठेवावा याचा विचार करतेय."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी दुर्बीण असेल, तर तिला डबीत कोंडू नका. तिला कोरड्या हवेत ठेवा, अधूनमधून उजेड दाखवा, तोंडाची वाफ घालून सदऱ्याच्या टोकाने तिच्या काचा पुसू नका. आणि घरातले कोणी डोळ्यांना दुर्बीण लावून उभे असेल, तर त्याच्याजवळ जाऊन काय दिसते ते विचारा. उत्तर खरे आले नाही तरी चालेल. विचारायचे मात्र राहू देऊ नका.