पर्समधला कॅमेरा

"हा धोंडा गळ्यात बांधून मान मोडली माझी, आणि फोटो बघ, सगळे हललेले," फोटोग्राफर बायकोच्या कानाशी पुटपुटला. शाळेत मोठ्या बाईंच्या निरोपाची भाषणं चालू होती, म्हणून आवाज दबका; एरवी त्याने सभागृह डोक्यावर घेतलं असतं.

"लेन्सच बिघडली असेल हो," ती म्हणाली.

सहा महिन्यांत ती लेन्स तीनदा दुरुस्तीला जाऊन आली होती. दुरुस्तीवाला ती नुसती पुसायचा, आठवडाभर ठेवून घ्यायचा आणि बायकोची नजर चुकवत म्हणायचा, "वहिनी, आता बघा, नवीकोरी." लेक फोनवर सांगायची, "बाबा, हल्ली मालच तकलादू येतो." खोटं बोलण्यात सगळ्यांचाच हात बसला होता.

तो पुढे गेल्यावर तिने पर्समधून, किल्ल्या-रुमालाच्या गर्दीतून, आपला छोटा मिररलेस कॅमेरा काढला. आतला चित्र टिपणारा सेन्सर अंगठ्याच्या नखाएवढा. नवरा त्याला खेळणं म्हणायचा. पण उतू जाणारं दूध, लेकीची अर्धी वेणी, पेपर तोंडावर घेऊन घोरणारा खुद्द नवरा, हे सगळं त्या खेळण्यानेच टिपलं होतं. मोठा कॅमेरा दिसला की लोक पोट आत ओढतात. याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती खांबाआड उभी राहिली. बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले, तेव्हा तिने बटण दाबलं.

अल्बम लावायचं काम तिचंच. गेले चार महिने त्याचे हललेले फोटो ती गुपचूप बाजूला काढत होती आणि त्या जागी आपले बसवत होती. छापून आलेले अल्बम आजवर परस्पर गिऱ्हाईकाकडे जायचे. बाईंच्या निरोपाचा हा मात्र घरी आला आणि त्याने स्वतः उघडला.

"बघ, सुधारली की नाही लेन्स?" पहिल्या दोन पानांवर तो खुशीत होता. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घडी केलेला टॉवेल तिने पुन्हा उलगडला.

मग त्याने चष्मा मागितला. बाई डोळे टिपत होत्या त्या पानावर तो थांबला.

"मागे शिपाईमामा जांभई देतोय."

"देईना का बिचारा."

"त्याची दाढ दिसतेय मला. भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, त्यातली वेळसुद्धा." त्याचा आवाज अगदी साधा होता. "अगं, तीस वर्षं मी माणूस तेवढा स्पष्ट ठेवतो, मागचं सगळं धूसर. मोठ्या कॅमेऱ्याने हे असं येत नाही. छोट्या सेन्सरला मागचं-पुढचं सगळंच दिसतं."

"अहो, त्या लेन्सचं..."

"पुरे."

त्याने उजवा हात पानावर धरला. बाईंच्या चेहऱ्यावर त्याची सावली थरथरत होती. ती थरथर तो थांबवायचा प्रयत्न करत होता, हे तिला त्याच्या मनगटाच्या शिरांवरून कळलं. तिला तो हात धरावासा वाटला, पण तिने धरला नाही.

"कॅमेऱ्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "माझा हात कापतोय."